नकाशाआधीचं घर

गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आई घरी आली, तेव्हा तिच्या पलंगापासून मागच्या दारच्या न्हाणीघरापर्यंतचं अंतर मी पहिल्यांदा मोजलं. सव्वीस पावलं, दोन उंबरे आणि उतरत्या तीन पायऱ्या. माझं सगळं आयुष्य या घरात गेलं, पण हे अंतर कधी अंतर वाटलं नव्हतं. वॉकर धरून आई तिसऱ्या पायरीवर थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता काहीतरी करायला हवं गं." ही २०२४ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. ते 'काहीतरी' म्हणजे नेमकं काय आणि ते करायला कुणाला बोलवायचं, हे कळायला माझे पुढचे आठ महिने गेले.

आमचं घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या उतारावरच्या एका पेठेत आहे. पणजोबांनी बांधलेलं. काळ्या दगडाचं जोतं, दगडमातीच्या दोन फुटी भिंती, सागाच्या तुळया, कडीपाटाची माडी आणि वर मंगलोरी कौलं. पुढे ओटा, मग ओसरी, माजघर, स्वयंपाकघर आणि परसदार. वडील गेल्यापासून आई आणि मी दोघीच इथे राहतो. मी इथल्याच एका शाळेत भूगोल शिकवते. भाऊ पुण्याला असतो, गणपतीला आणि दिवाळीला सहकुटुंब येतो.

आमच्या अपेक्षा मी शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिल्या. तळमजल्यावर आईसाठी खोली आणि लागूनच संडास-बाथरूम. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत काढून एक मोठी, उजेडाची जागा. माडी उतरवून तिथे स्लॅबचा पक्का मजला, म्हणजे भावाच्या कुटुंबाची सोय होईल. आणि ओटा बंद करून तिथे गाडी ठेवायला जागा. भावाचे आणि माझे मिळून वीस लाख रुपये होते. त्यापलीकडे कर्ज काढायचं नाही, हे ठरलेलं होतं.

यादी झाली, पण ती घेऊन कुणाकडे जायचं? सहकाऱ्यांना विचारलं, तर प्रत्येकाने एक नंबर दिला. कुणी म्हणालं इंजिनिअर बघ, कुणी म्हणालं आर्किटेक्ट, कुणी म्हणालं डिझायनर, कुणी म्हणालं चांगला कंत्राटदार मिळाला की बाकी कुणाची गरज नाही. राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत जाताना मी पाट्या वाचू लागले. एकाच पाटीवर 'आर्किटेक्चर, इंजिनिअरिंग, इंटिरिअर, वास्तुसल्ला' असं सगळं लिहिलेलं असायचं. डोळे दुखले तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, हे मला कळत होतं. घराच्या बाबतीत कुठे दुखतंय हेच मला सांगता येत नव्हतं, मग डॉक्टर कसा निवडणार?

पहिल्यांदा एक कंत्राटदार आले. माणूस अदबीचा, कामाचा अनुभव वीस वर्षांचा. ओसरीत उभं राहून त्यांनी चौफेर नजर टाकली, बूट न काढता माजघराच्या दारापर्यंत गेले आणि म्हणाले, "मॅडम, वर सहाशे फूट काढू. एकवीसशे रुपये फूट, मटेरियलसकट. प्लॅन आमचा इंजिनिअर फुकट काढून देईल, नगरपालिकेचं आम्ही बघतो." साडेबारा लाखांचा आकडा झाला. खालची दुरुस्ती वेगळी. दहा मिनिटांत सगळं संपलं. त्यांना काय विचारायचं हे मला सुचलं नाही. वाळू आणि खडी 'ब्रास'मध्ये मोजतात आणि एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, एवढं मात्र त्या दिवशी कळलं. प्लॅन फुकट मिळणार याचा मला आनंदच झाला होता. फुकट प्लॅन काढणारा माणूस कुणाचा पगार घेतो आणि म्हणून कुणाच्या सोयीचा विचार करतो, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात आला नाही.

मग भावाच्या ओळखीतून पुण्याच्या एक इंटिरिअर डिझायनर आल्या. त्यांनी फोटो काढले, खोल्यांची मापं घेतली आणि तीन आठवड्यांनी संगणकावर काढलेली चित्रं पाठवली. फी पंचवीस हजार. चित्रं फार सुंदर होती. माजघर आणि स्वयंपाकघर एक झालेलं, मधोमध पांढरा ओटा, वरून लोंबणारे दिवे, खिडकीतून येणारं ऊन. मी आणि भावजय फोनवर तासतासभर टाइल्सच्या रंगांवर बोलायचो. आईला चित्र दाखवलं, तेव्हा तिने चष्मा सारखा केला आणि एवढंच विचारलं, "मधली भिंत कुठं गेली?" मी म्हटलं, "काढणार आहोत." ती गप्प बसली.

त्या डिझायनरबाईंना मी आजही दोष देत नाही. त्यांनी त्यांचं काम नीट केलं होतं. आमच्याकडे मजबूत, नुकताच बांधलेला फ्लॅट असता तर त्यांच्यासारखं माणूस आम्हाला दुसरं मिळालं नसतं. आमचा प्रश्न आत काय मांडायचं हा नव्हताच. घर उभं कशावर आहे, हा होता. पण तो आमचा प्रश्न आहे हे आम्हालाच माहीत नव्हतं.

ते सांगितलं आमच्या गवंड्याने. दर वर्षी मे महिन्यात कौलं चाळायला आमच्याकडे एक वयस्क मिस्त्री येतात. माझे वडील होते तेव्हापासून येतात. शाकारणी झाल्यावर चहा घेताना मी त्यांना हौसेने मोबाइलवर चित्रं दाखवली. त्यांनी ती बराच वेळ बघितली. मग कप खाली ठेवून मला माजघरात घेऊन गेले आणि वर बोट दाखवलं. मधल्या भिंतीवर सहा तुळयांची टोकं ओळीने बसलेली होती. अलीकडच्या तीन, पलीकडच्या तीन.

"बाई, चित्रात भित न्हाई," ते म्हणाले. "पर वरची समदी माडी हिच्यावरच बसलीया. ही काढली तर तुळया कुणाच्या खांद्यावर द्यायच्या?"

मी त्या छताखाली जेवत, अभ्यास करत, झोपत मोठी झाले होते. तुळया रोज दिसत होत्या. त्या कुठे टेकल्या आहेत हे मी कधी पाहिलं नव्हतं. वीस वर्षांचा अनुभव असलेल्या कंत्राटदारांनी पाहिलं नाही, मापं घेणाऱ्या डिझायनरबाईंनी पाहिलं नाही. मिस्त्रींनी पाहिलं, कारण ते दर वर्षी या घराच्या डोक्यावर चढतात.

"मग काय करू?" मी विचारलं. ते म्हणाले, "माझं काम कौलाचं. तुमी एकदा वजन कळणारा इंजिनेर आना."

वजन कळणारा इंजिनिअर म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअर, हे शोधायला मला आणखी पंधरा दिवस लागले. शाळेतल्या एका पालकांनी नाव सुचवलं. ते गृहस्थ आले ते हातात विजेरी, छोटी हातोडी आणि एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन. चहा नको म्हणाले. आधी घराला बाहेरून प्रदक्षिणा घातली, पन्हाळीचं पाणी कुठे पडतं ते पाहिलं, जोत्याच्या दगडांतली ओल हाताने चाचपली. मग पोटमाळ्यावर चढले. एकेका तुळईच्या टोकाला, जिथे ती भिंतीत शिरते तिथे, स्क्रू ड्रायव्हर रोवून पाहत होते. चौथ्या तुळईत तो मुठीपर्यंत आत गेला. वाळवी. बाहेरून लाकूड ठणठणीत दिसत होतं.

भिंतीवर त्यांनी हातोडीने हलकेच ठोकलं. काही ठिकाणी आवाज भरीव येत होता, काही ठिकाणी पोकळ. खिडकीच्या कोपऱ्यातून वर गेलेल्या तिरप्या भेगेवर त्यांनी बोट फिरवलं. वडिलांनी ती दोनदा गिलावा करून बुजवली होती आणि दोन्ही वेळा ती पुन्हा उमटली होती.

"ही कधीची?" त्यांनी विचारलं.

उत्तर आईने दिलं. "कोयनेच्या भूकंपातली. माझ्या लग्नाला सात महिने झाले होते. पहाटे मांडणीवरची भांडी खाली आली आणि आम्ही सगळे ओट्यावर धावलो. उजाडल्यावर बघितलं तर ही भेग."

११ डिसेंबर १९६७. त्या पहाटेची तारीख मी दर वर्षी नववीच्या वर्गात फळ्यावर लिहिते. त्याच्याखाली ३० सप्टेंबर १९९३, किल्लारी, असंही लिहिते. भूकंपाची खूण माझ्या उशाशी होती आणि मी मुलांना ती नकाशावर दाखवत होते. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

इंजिनिअरांनी मला वहीत रेघा काढून समजावलं, तेही असं की मला नीट कळेल. दोन फुटी जुनी भिंत ही एकसंध नसते. बाहेरचा एक पदर आणि आतला एक पदर दगडांचा, मध्ये माती आणि छोट्या दगडांची भर. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड अधूनमधून घातले असतील तर भिंत एक होऊन हलते. ते नसतील तर जमीन हादरल्यावर दोन पदर एकमेकांपासून सुटतात, भिंत फुगते आणि कोसळते. किल्लारीच्या परिसरात एवढी माणसं दगावली त्यामागे हेच मोठं कारण होतं. दगडमातीच्या जाड भिंती, त्यांत आरपार दगड नाहीत आणि डोक्यावर जड मातीची धाबी.

"आणि तुम्ही त्याच्यावर स्लॅब टाकायचा म्हणताय," ते म्हणाले. त्यांनी हिशोब मांडला. पाच इंची स्लॅब एका चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर भरतो. दहा बाय बाराच्या एका खोलीवर जवळजवळ साडेतीन टन. त्यावर फरशी, भिंती, माणसं, सामान वेगळं. "कौलांचं छप्पर याच्या मानाने हलकं आहे. पणजोबांनी भिंतीला झेपेल तेवढंच डोक्यावर दिलं होतं."

वरचा मजला त्या क्षणी आमच्या यादीतून गेला. भावाला फोनवर सांगताना माझा आवाज कापरा झाला होता, कारण ती त्याची खोली होती. तो थोडा वेळ थांबून म्हणाला, "आईच्या डोक्यावर साडेतीन टन नको."

मी इंजिनिअरांना विनवलं, आता सगळं तुम्हीच करा. त्यांनी नम्रपणे नकार दिला. "मी सांगाडा बघतो, मॅडम. तो उभा राहील की नाही हे सांगणं माझं काम. आत कुणी कसं राहायचं, उजेड कुठून घ्यायचा, दार कुठं ठेवायचं, हे माझं शिक्षण नाही. त्यासाठी आर्किटेक्ट घ्या. आणि असा घ्या, जो मला बोलावल्याशिवाय एकही भिंत हलवणार नाही."

त्या दिवशी माझ्या डोक्यातला गुंता पहिल्यांदा सुटायला लागला. पुढे विचारत, वाचत गेले तशी प्रत्येकाची जागा कळली. आर्किटेक्ट हा पाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम पूर्ण करतो आणि १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टनुसार त्याला कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीशिवाय कुणालाही स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. मात्र २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की या कायद्याच्या ३७ व्या कलमाची मनाई ती उपाधी लावण्याला आहे, तसलं काम करण्याला नाही. म्हणजे घराचे नकाशे इतरही कुणी काढू शकतं, आणि म्हणूनच समोरचा माणूस नेमका कोण आहे हे आपण विचारायचं असतं. नोंदणी क्रमांक 'सीए', मग वर्ष, मग आकडा अशा क्रमाने असतो आणि तो खरा आहे का, हे कौन्सिलच्या यादीत तपासता येतं. सिव्हिल इंजिनिअरांसाठी देशभर लागू असलेला असा कायदा नाही, पण मंजुरीच्या कागदांवर सही करणाऱ्या इंजिनिअरांना आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरांना स्थानिक संस्थेचा परवाना लागतो. इंटिरिअर डिझायनरला सक्तीची सरकारी नोंदणी नाही. तिथे शिक्षण आणि आधीचं काम हेच बघायचं. कंत्राटदार बांधतो. चांगला कंत्राटदार घराचं नशीब असतो, पण बांधणाऱ्याचं काम तपासणारं माणूस त्याच्या पगारावरचं नसावं.

मग मी आर्किटेक्ट शोधायला लागले. तिघांना भेटले.

पहिले नामांकित होते. त्यांच्या कार्यालयात मोठमोठ्या बंगल्यांची चित्रं होती. त्यांनी सरळ सांगितलं की एवढ्या लहान दुरुस्तीला ते स्वतः वेळ देऊ शकणार नाहीत, त्यांच्याकडची मुलं बघतील. त्यांचा खरेपणा मला आवडला, पण मला साइटवर स्वतः येणारं माणूस हवं होतं.

दुसऱ्यांनी फीच मागितली नाही. "तुम्ही काळजी करू नका, कंत्राटदार माझा आहे, मी तिकडून बघून घेतो." काही महिन्यांपूर्वी हे ऐकून मी हरखले असते. आता मात्र वाटलं, पैसे जर कंत्राटदार देणार असेल, तर सिमेंट कमी पडल्यावर हा माणूस कुणाला बोलणार? नंतर कळलं की आर्किटेक्टसाठी १९८९ मध्ये केलेल्या व्यावसायिक आचारनियमांत काम मिळवून देण्याबद्दल कमिशन देण्याघेण्याला बंदी आहे. नियम माहीत नसतानाही मन कचरलं होतं, ते बरोबरच होतं.

तिसऱ्या एक तरुण बाई होत्या, स्वतंत्र काम सुरू करून सहाच वर्षं झालेली. एवढं जुनं घर इतक्या लहान वयाच्या व्यक्तीच्या हाती द्यावं का, ही शंका मला होती आणि ती मी त्यांना बोलून दाखवली. त्या रागावल्या नाहीत. "काकू, मी केलेली तीन घरं बघून या. मी बरोबर येत नाही. त्या लोकांना मोकळेपणाने विचारा," असं म्हणून त्यांनी पत्ते दिले.

मी दोन घरांत जाऊन आले. ऐन जुलै होता, त्यामुळे भिंती स्वतःच बोलत होत्या. एका घरात गच्चीच्या कोपऱ्यात ओल आली होती. घरच्या बाई म्हणाल्या, "आली होती. कळवल्यावर त्या दुसऱ्या दिवशी आल्या, चूक कुठे झाली ते सांगितलं आणि कंत्राटदाराकडून करून घेतलं." मला या उत्तराने निश्चिंत केलं. चूक कुणाच्याही हातून होते. झाल्यावर फोन उचलणारं माणूस हवं असतं.

तरीही निर्णय झाला तो त्या पहिल्यांदा घरी आल्या त्या दुपारी. माझी यादी मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचून बाजूला ठेवली आणि आईच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसल्या.

"आजी, तुमचा दिवस सांगा मला. उठल्यापासून."

आई सुरुवातीला संकोचली. मग बोलायला लागली. पहाटे पाचला उठते. देवाची फुलं परसातून आणायची, पण आता ती मीच आणते. दुपारी झोप लागत नाही. चार वाजता ओट्यावर जाऊन बसते. भाजीवाली येते, शाळा सुटलेली पोरं जातात, शेजारच्या वहिनी येतात. "दिवेलागणीपर्यंत तिथंच असते. तेवढंच माणसं दिसतात."

मी यादीत लिहिलं होतं: ओटा बंद करून गाडी ठेवायला जागा.

आईने ती यादी पाहिली होती. ती काहीच बोलली नव्हती. तिला वाटलं असेल, लेकरांचे पैसे, लेकरांची सोय. मीही तिला विचारलं नव्हतं. तिच्यासाठी घर बांधायला निघाले होते आणि तिची दिवसभरातली एकुलती एक बसायची जागा मी पुसून टाकली होती. त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं आणि काही न बोलता ओट्याची लांबी-रुंदी मोजायला टेप काढली. मी त्यांच्या हातातलं टेपचं दुसरं टोक धरलं.

पुढची कामं ठरत गेली. त्यांनी सगळ्यात आधी मालमत्ता पत्रक मागितलं. त्यावर अजून आजोबांचंच नाव होतं. वारसनोंद झाल्याशिवाय बांधकाम परवानगीचा अर्ज पुढे जाणार नाही, हे आधीच्या कुणी सांगितलं नव्हतं. त्यात दोन महिने गेले. कौलं बदलणं, गिलावा, फरशी अशा दुरुस्त्यांना परवानगी लागत नाही, पण नवी खोली काढायला लागते, आणि शेजारच्या हद्दीपासून किती अंतर सोडायचं हे नियमाने ठरलेलं असतं, हेही त्यांच्याकडूनच कळलं.

आमच्यात लेखी करार झाला. फी बांधकाम खर्चाच्या आठ टक्के, टप्प्याटप्प्याने. करारात मी काय काय आहे ते नीट वाचलं: मंजुरीचे नकाशे, प्रत्यक्ष कामाचे तपशीलवार नकाशे, सामानाचं परिमाणपत्रक, आठवड्याला एक साइट भेट आणि महत्त्वाच्या टप्प्यांना हजेरी. स्ट्रक्चरल इंजिनिअरांची फी वेगळी, आणि ते आधीचेच गृहस्थ. हे सगळं आधी विचारावं लागतं. कुणाच्या फीत फक्त मंजुरीपुरता नकाशा असतो, कुणाच्या फीवर अठरा टक्के जीएसटी वेगळा असतो.

परिमाणपत्रकाचं महत्त्व मला निविदा आल्यावर कळलं. आधी मिळालेल्या दरांची तुलनाच होत नव्हती. एकाच्या 'एकवीसशे रुपये फुटा'त प्लंबिंग होतं, दुसऱ्याच्यात नव्हतं, तिसऱ्याने दारं-खिडक्या धरल्याच नव्हत्या. आता किती घनफूट काँक्रीट, किती किलो सळई, किती चौरस फूट गिलावा हे सगळं लिहून एकच कागद तिघांना दिला. १३ लाख ४० हजार, १४ लाख १० हजार आणि १७ लाख २० हजार असे आकडे आले आणि फरक कुठल्या ओळीत आहे ते बोट ठेवून दाखवता आलं. आम्ही मधला घेतला, कारण त्याने पाया आणि सळईच्या दरात काटकसर केली नव्हती.

नवा नकाशा आमच्या यादीसारखा मुळीच नव्हता. मधली भिंत राहिली. तिच्यात आधीपासून असलेला कोनाडा तेवढा उजेडाला खुला झाला, तोही इंजिनिअरांनी वर आडवा आधार सुचवल्यावर. माडी उतरवली नाही. किडलेल्या दोन तुळया बदलल्या आणि छप्पर कौलांचंच ठेवलं. आईची खोली आणि बाथरूम माजघराला लागून परसाच्या बाजूला, स्वतंत्र पायावर, आरसीसी सांगाड्यात. जुन्या भिंतीत आणि नव्या खोलीत मुद्दाम फट ठेवली, म्हणजे हादरा बसला तर दोन्ही आपापल्या परीने हलतील, एकमेकांवर आपटणार नाहीत. पलंगापासून बाथरूमपर्यंत सात पावलं. उंबरा नाही, पायरी नाही. ओटा तसाच, फक्त एका बाजूला हाताला धरायला कठडा आणि चढायला कमी उंचीच्या दोन पायऱ्या. गाडी रस्त्यावर.

दसऱ्याला काम सुरू झालं. कॉलमच्या रिंगा बांधून झाल्या, त्या दिवशी आर्किटेक्टबाई आणि इंजिनिअर दोघेही आले. रिंगांची टोकं काटकोनात वळवली होती. भूकंपात ती उघडतात, म्हणून ती आत, १३५ अंशांत वळलेली हवीत, असं सांगून त्यांनी सगळ्या रिंगा पुन्हा करायला लावल्या. एक दिवस वाया गेल्याबद्दल कंत्राटदार नाराज झाला. मी एकटी असते तर मला ते टोक दिसलंही नसतं, आणि काँक्रीट पडल्यावर ते कुणालाच दिसलं नसतं.

आज कुणी माझ्याकडे माझ्यासारखीच वही घेऊन आलं, तर मी आधी त्याला घराभोवती एक फेरी मारायला सांगेन. घर जुनं असेल किंवा कुठलीही भिंत हलवायची असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअर सगळ्यांच्या आधी. फक्त आतली मांडणी बदलायची असेल तर इंटिरिअर डिझायनर पुरेसा आहे. जागेचा, उजेडाचा, राहण्याचा विचार करायचा असेल तर आर्किटेक्ट, आणि त्याचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नये. त्याने केलेलं घर पावसाळ्यात बघावं. त्याचे पैसे आपणच द्यावेत. आणि तो पहिल्या भेटीत काय काढून दाखवतो यापेक्षा काय बघतो, कुणाला विचारतो, याकडे लक्ष ठेवावं. मला भेटलेल्या ज्या तिघांनी आमचं घर वाचवलं, त्या मिस्त्रींनी, इंजिनिअरांनी आणि आर्किटेक्टबाईंनी, आधी आहे ते घर बघितलं होतं. हवं असलेलं घर त्यांनी नंतर काढलं.

जुन्या भिंती बांधून घेण्याचं काम आम्ही आमच्या मिस्त्रींनाच दिलं. साधारण मीटरभर अंतरावर दगड अलगद सैल करून आरपार भोक पाडायचं, ठोकाठोकी करायची नाही. त्यात दोन्ही टोकांना वळवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचं. तो आता नवा आरपार दगड. पहिलं भोक पडलं तेव्हा मिस्त्रींनी मला हाक मारली. मी आईला वॉकरसकट तिथे नेलं.

भोकातून आतली भर दिसत होती. कोरडी, भुसभुशीत माती, मुठीएवढे सुटे दगड, आणि दोन्ही पदरांच्या मध्ये बोट सहज जाईल एवढी फट. माती हळूहळू वाळूच्या घड्याळासारखी खाली गळत होती. आईने हात पुढे करून ती थोडी तळव्यावर घेतली.

"सत्तावन्न वर्षं हिला पाठ लावून झोपले," ती म्हणाली.

मिस्त्रींनी सळई आत सरकवली, दोन्ही बाजूंनी ओढून बघितली आणि घमेल्यातलं काँक्रीट भरायला घेतलं. चार वाजले होते. आई म्हणाली, मला ओट्यावर सोड.